कॅमेरा कुणासाठी घडतो?

आमच्या लासुर्ण्याच्या घरात एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे आहेत, अब्बांच्या नोकरीचे कागद आहेत, जुनी रेशनकार्डे आहेत. तळाशी, चौकटीच्या रुमालात गुंडाळलेला एक कॅमेरा आहे: 'आग्फा क्लिक थ्री'. त्याच्या सोबतच्या पाकिटात पंचवीस-तीस फोटो आहेत, प्रत्येक जेमतेम सव्वादोन इंच चौरस. त्यांतल्या एकाच फोटोत दादी आहे. आंगणातल्या लिंबाखाली आम्ही दहाबारा माणसे उभी आहोत आणि डाव्या कडेला डोक्यावर पदर घेतलेली दादी. तिचा चेहरा मसुरीच्या डाळीएवढा आहे.

हा चेहरा इतका लहान का, या प्रश्नाचा माग काढता काढता मी कॅमेऱ्याच्या इतिहासात शिरलो. इतिहास म्हटला की आपण सनदा, बखरी आणि शिलालेख धुंडाळतो. पण घरातली वस्तूही साक्ष देते. जू पाहिले की बैलाच्या मानेचा अंदाज येतो, जोत्याची उंची पाहिली की गावात पूर कुठवर येई ते कळते. तसेच कॅमेऱ्याचे आहे. तो कुणी विकत घ्यावा, कुणाच्या हातात बसावा, कुणाकडे रोखला जावा, हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ते त्याच्या खटक्यात, भिंगात आणि किमतीत लिहिलेले असते. फक्त वाचता आले पाहिजे.

अंधारी खोली

सुरुवात एका खोलीपासून करावी लागते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल्‌-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी 'किताब अल्‌-मनाजिर' हा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीच्या बारीक छिद्रातून येणारा प्रकाश सरळ रेषेत जातो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणाऱ्या सूर्यबिंबाच्या आकारावर त्यांनी स्वतंत्र निबंधही लिहिला. ही अंधारी खोली पुढे लहान होत होत पेटी झाली आणि तिलाच कॅमेरा म्हणू लागले.

आपल्याकडे काही वक्ते कॅमेरा हा शब्दच अरबी 'कुम्रा'वरून आल्याचे अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. तो लॅटिन आहे, त्याचा अर्थ कमानदार छताची खोली. गंमत अशी की आपला 'कमरा'ही त्याच घराण्यातला. तो पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. इब्न अल्‌-हैसम यांचे मोठेपण त्यांच्या प्रयोगात आहे, त्यासाठी शब्दाची व्युत्पत्ती वाकवण्याची गरज नाही.

साहेबाच्या हातातली पेटी

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. सोसायटीत बहुतेक इंग्रज अधिकारी होते, पण डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीयही होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत फोटोचा धंदाच सुरू केला. त्याच दशकात लखनौमध्ये अहमद अली खान नवाबी घराण्यांतील स्त्रीपुरुषांचे आणि इंग्रज रहिवाशांचे फोटो काढत होते. म्हणजे कॅमेरा येताच तो इथल्या हातांनीही पेलला, हे विसरू नये.

मात्र तो कुणाच्या हातासाठी बनला होता, हा प्रश्न वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पहिल्या दशकांत इंग्लंडमधले कारखानदार 'ट्रॉपिकल' कॅमेरे बनवत. त्यांचे लाकूड सागवानी, कारण साग ओल आणि वाळवी दोन्ही सोसतो. सांध्यांना पितळी पट्ट्या, कारण नुसता सरस आपल्या उन्हापावसात सुटतो. भाता विशेष कमावलेल्या चामड्याचा, कारण साध्याला कीड लागते. आज हे कॅमेरे संग्राहक मोठ्या किमतीला घेतात आणि खरोखर ते देखणे आहेत. त्यांच्या घडणीत हिंदुस्थानच्या हवेचा, किड्यांचा, वाळवीचा बारकाईने विचार केलेला आहे. इथल्या माणसाचा विचार मात्र गिऱ्हाईक म्हणून जवळजवळ नाही. कॅमेरा घेणारा म्हणजे चार-सहा वर्षांसाठी आलेला, छावणी हलवली की पेटी कुणाच्या तरी डोक्यावर देणारा अधिकारी. इथला माणूस त्या पेटीच्या दुसऱ्या बाजूला, भिंगासमोर उभा.

विल्यम जॉन्सन यांचे मुंबईच्या जातिजमातींवरचे दोन खंड १८६३ ते १८६६ या काळात निघाले. त्यांत माणसांचे फोटो वेगळे काढून, मुंबईच्या देखाव्यांवर चिकटवून पाने तयार केली आहेत. माणूस एका ठिकाणचा, पार्श्वभूमी दुसरीकडची. पुढे सरकारनेच 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ दरम्यान काढला. त्यात नाव क्वचित, जात मात्र नेमाने. १८५७ नंतर तर लखनौतल्या अहमद अली खानांच्या फोटोंना वेगळेच मोल आले. जे चेहरे हौसेने टिपले होते, त्यांतले कितीतरी मारले गेले होते आणि कितीतरी परागंदा झाले होते.

बटण दाबणारा नवा मालक

दुसऱ्या टोकाला अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये पहिला 'कोडॅक' काढला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म. फिल्म संपली की कॅमेराच कारखान्याला पाठवायचा. ते फोटो छापून, नवी फिल्म भरून परत देत. या घडणीचा अर्थ असा की घेणाऱ्याजवळ पैसा आहे, हौस आहे, पण रसायनात हात काळे करायची इच्छा नाही. १९०० मध्ये एका डॉलरचा 'ब्राउनी' आला, पुठ्ठ्याची साधी पेटी. त्याची जाहिरात मुलांसाठी होती. १९२८ मध्ये बायकांसाठी रंगीबेरंगी 'व्हॅनिटी कोडॅक' आला. आतले यंत्र आधीचेच, फक्त रंग पाच आणि मखमली अस्तराची डबी. बाईला कॅमेरा हवा म्हणजे तो पर्सशी जुळणारा हवा, असा कारखान्याचा समज. त्या बायकांनी त्या कॅमेऱ्याने काय काय टिपले असेल, याचा डबीशी काही संबंध नाही.

कॅमेऱ्याच्या घडणीवरून घेणारा ओळखता येतो असे म्हणताना ही सावधगिरी हवी. घडणीतून दिसतो तो कारखानदाराच्या मनातला गिऱ्हाईक. खरा माणूस त्याहून वेगळा निघू शकतो. सादिक बे हे इजिप्तच्या सैन्यातले अधिकारी. मोजणी आणि नकाशे हे त्यांचे काम. १८६१ मध्ये त्यांनी मदिनेचे पहिले ज्ञात फोटो काढले आणि १८८० च्या हजयात्रेत मक्केचे. ज्या युरोपात त्यांचा कॅमेरा घडला, तिथल्या कुणाही कारागिराच्या मनात हे गिऱ्हाईक असणे शक्य नव्हते.

क्लिक थ्री

आता पेटीतल्या कॅमेऱ्याकडे येतो. 'क्लिक' मूळ जर्मनीतल्या आग्फाचा, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरचा. आपल्याकडे 'क्लिक थ्री' बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे परदेशी कॅमेरे आणणे अवघड झाले होते आणि मध्यमवर्गाच्या हातात परवडेल तो हाच. कित्येक शिक्षक, कारकून, पोस्टमन यांच्या घरातला पहिला कॅमेरा क्लिक थ्री असे. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. महागाई भत्त्याच्या फरकाची रक्कम एकदम हाती आली तेव्हा, १९७६ साली, त्यांनी तो पुण्याहून आणला. अम्मीला शिवणयंत्र हवे होते. पुढे बरीच वर्षे घरात भांडण झाले की कॅमेऱ्याचा उद्धार व्हायचा.

हा कॅमेरा हातात घेऊन पाहा. काळे प्लॅस्टिक, वजन नाहीच. भिंग बसवलेले, ते पुढेमागे होत नाही. खटक्याचा वेग एकच. प्रकाशासाठी फक्त दोन चित्रे, सूर्य आणि ढग. अक्षरही वाचता न येणाऱ्याला कळेल असे. मागे लाल काचेची लहान खिडकी, तिच्यातून फिल्मचा आकडा दिसे. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो.

यातून गिऱ्हाईक कसा दिसतो? त्याच्या देशात ऊन भरपूर आहे, म्हणून मंद भिंग चालते. तो तांत्रिक नाही आणि चुकीची त्याला भीती आहे, कारण फिल्म महाग आहे. म्हणून चुकायला जागाच ठेवलेली नाही. त्याच्या जवळ वर्षाला दोन-तीन रोलांचे पैसे आहेत: एक ईदला, एक लग्नाला, एक कुठे सहलीला. आणि तो माणसाचा चेहरा टिपणार नाही, कुटुंब टिपणार आहे. कारण हे भिंग साधारण तीन मीटरच्या अलीकडचे सगळे अंधूक दाखवते. अब्बा आम्हाला उभे करून दहा फूट मोजत मागे जायचे. जवळ येण्याची सोय बनवणाऱ्याने ठेवलीच नव्हती.

अब्बांचे ते बारा-बारा फोटो म्हणजे आमच्या गावाचा एक लहानसा दफ्तरखाना आहे. नीरा डाव्या कालव्याच्या कडेला बसलेले ऊसतोडकरी. भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या. वालचंदनगरला कामावर जाणारे मामा सायकलीसह. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीकडून इंदापूरला जाताना लासुर्ण्यावरून जाते; एका फोटोत वारकऱ्यांना पाणी देणारे आमचे मोठे चाचा आहेत, तोंडे दिसत नाहीत, पण हंडा आणि वाकलेली पाठ स्पष्ट आहे. रोल बारामतीला धुवायला जाई. मोठे प्रिंट परवडत नसत, म्हणून निगेटिव्हएवढेच कॉन्टॅक्ट प्रिंट. म्हणून ते सव्वादोन इंच.

दादीचा फोटोला विरोध होता. "मेरा फोटू नको निकालू," एवढेच ती म्हणायची. तिला कुणी फतवा वाचून दाखवला नव्हता. तसवीर काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी तिच्यात जीव घालायला सांगतील, हे तिने लहानपणी ऐकले होते. हा प्रश्न फक्त लासुर्ण्याच्या म्हातारीचा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी कैरोपासून आपल्या मदरशांपर्यंत उलेमांत त्यावर मतभेद होते. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल्‌-मुतीई यांचे म्हणणे असे की छायाचित्र म्हणजे नवी आकृती निर्माण करणे नव्हे, पडलेली सावली धरून ठेवणे आहे. आपल्याकडच्या अनेक थोर उलेमांनी हे मानले नाही. पण हजसाठी, पासपोर्टसाठी, गरजेपुरता फोटो त्यांतल्या बहुतेकांनी चालवून घेतला.

अब्बांनी दादीशी वाद घातला नाही. ते तिला एवढेच म्हणाले, "अम्मा, इतने दूर से तेरा मूँ दिसताच नही." दादीने अंतर पाहिले, लिंबाकडे पाहिले आणि कडेला येऊन उभी राहिली. जी तिच्या घराच्या परवडीची उणीव होती, तीच तिच्यासाठी पर्दा झाली. कुटुंबाबरोबर आहे आणि चेहरा झाकलेला आहे. त्या स्वस्त भिंगाने आई आणि मुलगा या दोघांचेही समाधान केले.

सरकार जेव्हा गिऱ्हाईक होते

काही कॅमेरे घरासाठी बनत नाहीत, ते राज्यासाठी बनतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीत काळ्या माणसाला सतत पासबुक जवळ ठेवावे लागे. त्यावरच्या फोटोंसाठी पोलरॉइड कंपनीचा 'आयडी-टू' कॅमेरा वापरला जाई. दोन मिनिटांत फोटो हातात, समोरून आणि बाजूने टिपण्याची सोय, आणि फ्लॅशचा प्रकाश वाढवणारे एक बटण. काळ्या कातडीवर नेहमीची फिल्म नीट चालत नसे, म्हणून ते बटण. हे अमेरिकेतल्या त्याच कंपनीतल्या दोन कृष्णवर्णीय कामगारांना, केन विल्यम्स आणि कॅरोलिन हंटर यांना, १९७० मध्ये कळले. त्यांनी चळवळ उभारली, त्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि १९७७ मध्ये कंपनीने त्या देशातला व्यवहार थांबवला.

नेहमीची फिल्म चालत का नसे? कोडॅकच्या रंगीत फिल्मचा मेळ बसवताना प्रयोगशाळांत एका गोऱ्या तरुणीचा फोटो आदर्श म्हणून लावला जाई. तिला 'शर्ली' म्हणत. मुली बदलल्या तरी नाव तेच. तिचा रंग बरोबर आला की जगाचा रंग बरोबर आला. कॅनडाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या प्रकाराचा शोध घेतला तेव्हा कोडॅकच्या जुन्या लोकांनी सांगितले की गडद रंगांत सुधारणा करायला कंपनी हलली ती चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी सामानवाल्यांच्या तक्रारींमुळे. आपले फर्निचर जाहिरातीत नीट दिसत नाही, हे मोठे गिऱ्हाईक सांगत होते. काळीसावळी माणसे मात्र समजत होती की फोटो आपल्यामुळेच बिघडतो. ऐंशीच्या दशकात आखातातून आमच्या भागात ऑटोफोकसचे, फ्लॅश असलेले, कोपऱ्यात नारिंगी तारीख छापणारे कॅमेरे आले. ती तारीख दोन वर्षांनी एकदा घरी येणाऱ्या माणसाची खरी गरज होती. पण त्या रंगीत फोटोंत आमच्या घरचे सगळेच सावळे चेहरे अंधारात बुडालेले आणि दात तेवढे पांढरे. आम्ही हसायचो. हसायचे कारण आमच्यात नव्हते, हे कळायला पुष्कळ वर्षे गेली.

आपल्याकडे १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी फोटो असलेल्या मतदार ओळखपत्राचा आदेश काढला. बोगस मतदान थांबावे हा हेतू होता आणि तो योग्य होता. पुढे पर्द्याचे कारण देऊन मतदारयादीतल्या फोटोला घेतलेली हरकत मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली. आमच्या दादीने हरकत वगैरे घेतली नाही. शाळेत कॅमेरा लागला, रांग लागली. ती पदर सावरून स्टुलावर बसली. या कॅमेऱ्याला दहा फूट नको होते, तीन फूट पुरे होते. आजूबाजूला लिंब नाही, मुले नाहीत, नातवंडे नाहीत. फक्त चेहरा.

परत येताना ती गप्प होती. घरी आल्यावर अम्मीला म्हणाली, "आज मेरेकू अकेली बिठाए."

तिचा जवळून काढलेला फोटो आमच्याकडे आहे तो हा एवढाच. घरचा कॅमेरा तिला सगळ्यांमध्ये दाखवतो, पण चेहरा देत नाही. ओळखपत्राचा कॅमेरा चेहरा देतो, पण माणसे काढून घेतो. दोघांचेही गिऱ्हाईक वेगळे होते. एकाला आठवण हवी होती, दुसऱ्याला ओळख पटवायची होती. आज जुने कागद शोधण्याची वेळ आली की आपल्या वस्तीत हीच दुसऱ्या प्रकारची चित्रे आधी बाहेर निघतात. लिंबाखालचा फोटो कुठल्याच खिडकीवर पुरावा ठरत नाही. त्यात ती कोण होती हे मात्र तोच सांगतो.

आता खिशातला कॅमेरा

आज कॅमेरा स्वतंत्र वस्तू राहिलेला नाही. फोन घेणाऱ्याला तो आपोआप मिळतो आणि त्याचे भिंग मालकाकडेच तोंड करून असते. २०१६ च्या सुमारास तर काही कंपन्यांनी आपल्या बाजारात फोन विकले ते सेल्फीच्याच नावाने. त्यांत चेहरा गोरा, गुळगुळीत करण्याची सोय, ती बऱ्याचदा न मागता चालू. पूर्वी स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नवरीचा रंग उजळायचा. आता तेच काम फोन करतो. माझ्या पुतणीचा स्थळांना पाठवण्यासाठी काढलेला फोटो पाहून मी विचारले, ही कोण? ती म्हणाली, "चाचा, असाच येतो." शर्ली कुठे गेलेली नाही, ती फोनमध्ये येऊन बसली आहे. फरक इतकाच की या वेळी घेणारे आपण आहोत. आपल्याला काय हवे आहे ते ओळखूनच हे यंत्र घडले आहे. इथे साहेबाला नावे ठेवून सुटका नाही.

गेल्या वर्षी याच पुतणीने हौसेने दादीचा लिंबाखालचा फोटो एका ॲपमध्ये घातला. जुने अंधूक फोटो स्पष्ट करून देणारे ॲप. मसुरीएवढा चेहरा क्षणात तळहाताएवढा झाला. रेखीव नाक, उजळ कांती, नितळ डोळे. घरातले सगळे वाकून पाहू लागले. मग फोन माझ्या फुफूच्या हातात दिला. तिचे वय ऐंशीच्या घरात. तिने बराच वेळ पाहिले आणि फोन परत देत म्हणाली, "कोई अच्छी बाई है. पन ये अम्मा नई."

यंत्राने चूक केली असे म्हणता येत नाही. मूळ फोटोत चेहरा नव्हताच, करड्या ठिपक्यांचा पुंजका होता. जिथे काही नव्हते तिथे यंत्राने त्याला शिकवलेल्या चेहऱ्यांतून एक चेहरा भरला. ज्यांचे फोटो जगात पुष्कळ आहेत, त्यांच्यासारखा. लासुर्ण्याच्या लुगड्यातल्या मुसलमान म्हातारीसारखे चेहरे त्याने फारसे पाहिले नसावेत. कारण त्या म्हाताऱ्या दहा फुटांवर उभ्या राहिल्या.

मुफ्तीसाहेब म्हणाले होते, फोटो म्हणजे धरून ठेवलेली सावली. क्लिक थ्रीने धरलेली सावली लहान होती, पण दादीचीच होती. ॲपमधल्या त्या बाईची सावली मात्र कुठल्या उन्हात पडलीच नव्हती. दादीला ज्या तसवीरीची भीती वाटे, ती कदाचित हीच असेल.

पुतणीने तो नवा चेहरा पुसून टाकला. मी मात्र तिला एक काम दिले. फुफू, अम्मी, शेजारच्या पठाण आणि मुलाणी घरांतल्या म्हाताऱ्या, ज्यांची हरकत नसेल त्यांचे फोटो काढायचे. उजळपणाची सोय बंद करून, दिवसाच्या उजेडात, आणि एकटे न बसवता, घरच्या माणसांसह. प्रत्येकाच्या मागे नाव, गाव, साल लिहायचे. ज्या नको म्हणतील त्यांना दहा फुटांवर उभे राहू द्यायचे. आतापर्यंत एकोणीस फोटो झाले आहेत. ते छापून आणले आणि क्लिक थ्रीच्या शेजारी, त्याच लोखंडी पेटीत ठेवले.